थेंबाने गेली, हप्त्याने आली

एप्रिल २०२४ मधली गोष्ट. सांगलीचा माझा भाचा एका रविवारी सकाळी साताऱ्याला आमच्या घरी आला. एरवी तो यायचा म्हणजे भडंगाचे दोन पुडे हातात असायचेच. त्या दिवशी हात रिकामे होते, तेव्हाच मी ओळखले की स्वारी काही वेगळ्याच विचारात आहे. चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली आणि मग कपबशी बाजूला सारत तो म्हणाला, "मामा, तुम्ही बँकेत पस्तीस वर्षं काढलीत. मला एक सांगा, माणूस बरा का वाईट, हे तीन आकड्यांत कळतं का हो?"

मी म्हणालो, "कोणते तीन आकडे?"

"सहाशे अठरा," तो म्हणाला. "माझं सिबिल."

हा शब्द आता आपल्याकडे मीठ-मिरचीइतका घरोघरी झाला आहे. 'त्याचं सिबिल खराब आहे' असे लोक अशा सुरात सांगतात, की जणू त्याच्या पत्रिकेत मंगळ निघाला आहे. खरे तर सिबिल हे एका कंपनीचे नाव. सन २००० मध्ये ती स्थापन झाली, २००५ साली पतविषयक माहिती देणाऱ्या कंपन्यांसाठी संसदेने कायदा केला आणि आज आपल्या देशात अशा चार कंपन्या काम करतात. पण वनस्पती तुपाला जसे आपण सरसकट डालडा म्हणत आलो, तसे कर्जफेडीच्या गुणांना आपण सिबिल म्हणतो. हे गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात. साडेसातशेच्या वर असले की बँकवाला खुर्ची पुढे सरकवतो. साडेसहाशेच्या खाली गेले की तो संगणकाकडे बघून मान हलवतो.

भाच्याच्या बाबतीत पाच ठिकाणी अशी मान हलली होती.

पाण्याने आणलेले पाणी

सांगलीत त्याचे कापडाचे छोटे दुकान आहे. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर सांगलीकर कधी विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या आसपास गेले. बाजारपेठ दिवसेंदिवस पाण्यात होती. श्रावणात सणासुदीसाठी भरलेला माल चिखलात गेला. दुकान धुऊन, रंगवून, उसनवारी करून त्याने पुन्हा उभे केले, तोवर मार्च २०२० उजाडला आणि टाळेबंदी आली. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली होती, पण त्यासाठी बँकेला तसे कळवायला हवे होते. याला ते कुणी सांगितले नाही, आणि यानेही कुणाला विचारले नाही. दुचाकीचे पाच हप्ते थकले. क्रेडिट कार्डावर ४८ हजार रुपये झाले होते. वसुलीवाल्याचा फोन आला, "तीस हजार भरा, प्रकरण मिटवून टाकू." याने बायकोची पाटली मोडून २०२१ मध्ये तीस हजार भरले आणि सुटकेचा श्वास सोडला.

त्याला वाटले प्रकरण मिटले. कागदावर ते मिटले नव्हते. कागदावर फक्त 'तडजोड' झाली होती.

तीन वर्षे त्याचे काही अडले नाही. मग त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा मिरजेला जायचे. अंतर दहाएक किलोमीटरचेच, पण डायलिसिस झाल्यावर बाई इतकी गळून जाते, की रिक्षात धड बसवत नाही. पावसाळ्यात तर वडापच्या गर्दीत तिला कसे कोंबायचे? म्हणून एक छोटी गाडी घ्यायची ठरली. हौस नाही, मिरवणे नाही. आईला निजवून आणता येईल एवढी मागची सीट हवी होती.

शोरूममधल्या पोराने गोड बोलून कागद घेतले आणि एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले. पाचही ठिकाणी नकार आला, आणि प्रत्येक अर्जाची नोंद मात्र भाच्याच्या अहवालात झाली. थोड्या दिवसांत फार ठिकाणी कर्ज मागणारा माणूस अडचणीत असणार, असे हे गणित धरते. सहाशे अठराचे पाचशे एक्याण्णव झाले. शेवटी एक फायनान्सवाला भेटला. म्हणाला, "आम्ही सिबिल बघत नाही. सहा लाख देतो, आठ टक्के दराने, पाच वर्षं. हप्ता चौदा हजार."

"मामा, आठ टक्के म्हणजे बँकेपेक्षा स्वस्तच झालं की! सही करू का?"

मी पेन्सिल आणि जुन्या कॅलेंडरचे पान मागितले.

आठ टक्क्यांची गंमत

वाचकहो, हे गणित प्रत्येक घरात एकदा तरी मांडून बघावे. सहा लाखांवर आठ टक्के म्हणजे वर्षाला ४८ हजार व्याज. पाच वर्षांचे २ लाख ४० हजार. मुद्दल आणि व्याज मिळून ८ लाख ४० हजार, भागिले साठ महिने, हप्ता १४ हजार. फायनान्सवाला खोटे बोलत नव्हता. पण हा सपाट दर झाला. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, चौथ्या वर्षी निम्म्याहून अधिक कर्ज फिटलेले असते, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण सहा लाखांवरच चालू राहते. बँका व्याज लावतात ते उरलेल्या रकमेवर. त्या पद्धतीने सहा लाखांना पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी हप्ता येतो १२ हजार ४५५ रुपये, आणि १४ टक्क्यांनी येतो १३ हजार ९६१ रुपये. म्हणजे त्याचे 'आठ टक्के' हे बँकेच्या भाषेत चौदा टक्क्यांहून थोडे जास्तच होते.

भाचा कागदाकडे बघत बसला. पोरगा कापडाच्या धंद्यातला. मीटर आणि वार यांतला फरक त्याला शिकवावा लागत नाही. म्हणाला, "म्हणजे वार दाखवून मीटरचे पैसे घेतल्यासारखंच झालं."

ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घरगुती कर्ज देणाऱ्या प्रत्येक बँकेने आणि वित्तसंस्थेने ग्राहकाला कर्जाचा एकूण वार्षिक खर्च दाखवणारे एक माहितीपत्रक द्यायचे आहे. त्यात प्रक्रियेचा खर्च वगैरे सगळे धरून खरा दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो कागद मागून घ्या. द्यायला का कू करणाऱ्याच्या दारातून उठून यावे.

दुकानदाराच्या तोंडची पत

भाच्याचा पहिला प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. माणूस तीन आकड्यांत कळतो का? आणि आमच्या वेळी तो कशात कळायचा?

'पत' हा आपल्या भाषेतला किती जुना आणि किती जड शब्द आहे! पत राखणे, पत जाणे, ऐपत, पतपेढी, पतसंस्था. दक्षिण महाराष्ट्रात तर पत हा आमच्या जगण्याचाच भाग. सावकारांच्या जाचाविरुद्ध १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे उसळले, सुपे गावी कर्जरोख्यांची होळी झाली, आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला, त्यांत सातारा होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच मोडे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. या दोन्ही गावांनी आपापल्या बँका काढल्या. १९१६ मध्ये सांगली बँक, आणि १९३६ मध्ये साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांच्या पुढाकाराने युनायटेड वेस्टर्न. गावच्या बँकेला गावची माणसे ठाऊक असत. २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये आणि २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. ओळखीच्या पाट्या गेल्या आणि सवयीच्या माणसांना काही काळ चुकल्याचुकल्यासारखे झाले.

मी वेगळ्या बँकेत होतो, पण कर्ज देण्याची रीत सगळीकडे तीच. कर्ज मागणाऱ्याच्या घरी जायचे, चहा घ्यायचा, भिंतीवरची ओल बघायची, आणि बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला सहज म्हणून विचारायचे, "काय हो, माणूस कसा आहे?" हेच आमचे सिबिल. आज त्या दिवसांबद्दल लोक हळहळतात. माणुसकी होती म्हणतात. होतीही. पण मला एक शिंपी आठवतो.

१९९१ साल. सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या शाखेत मी होतो. एका शिंप्याने दोन शिलाई यंत्रांसाठी कर्ज मागितले. कागद ठीक होते, हातात कसब होते. रीतीप्रमाणे मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारले. तो तागडीतली साखर सारखी करत म्हणाला, "साहेब, बापानंच बुडवलंय. पोरगा काय फेडणार?" मी अर्जावर 'शिफारस नाही' असे लिहिले आणि शिंप्याला सांगितले, "पुढच्या वर्षी बघू." त्याने नमस्कार केला आणि गेला. दोन वर्षांनी माझी बदली झाली. निरोपाच्या वेळी शाखेतला शिपाई सहज बोलून गेला, की तो शिंपी त्या दुकानदाराचाच देणेकरी होता. शेकडा तीन रुपये महिना व्याजाने. बँकेचे कर्ज मिळाले असते तर दुकानदाराचे गिऱ्हाईक सुटले असते.

ज्याला मी साक्षीदार समजत होतो, तो पक्षकार होता. आणि मी, शिकला-सवरलेला अधिकारी, त्याच्या शब्दावर सही करून मोकळा झालो. त्या शिंप्याला कुठे दाद मागता येणार होती? त्याच्याविरुद्ध काय बोलले गेले, हेसुद्धा त्याला कधी कळले नाही.

म्हणून त्या तीन आकड्यांवर तोंडसुख घेताना मी जरा थबकतो. त्या आकड्याला तुमची गल्ली ठाऊक नाही, आडनाव ठाऊक नाही, तुमच्या वडिलांनी काय केले तेही ठाऊक नाही. त्याचबरोबर त्याला महापूरही ठाऊक नाही, टाळेबंदीही नाही आणि डायलिसिसही नाही. तुमच्या बचत खात्यात किती पैसे आहेत, हेसुद्धा त्याला माहीत नसते. घेतलेले कर्ज वेळेवर फेडले का, मिळालेल्या मर्यादेपैकी किती वापरले, किती जुना व्यवहार आहे आणि अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितले, एवढेच तो बघतो. दुकानदाराच्या शब्दाहून त्याची एक गोष्ट मात्र निराळी आहे. हा आकडा कशावरून आला ते तुम्हाला बघता येते, आणि चुकला असेल तर दुरुस्त करून घेता येते.

कागद उलगडला

रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०१७ पासून या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने गुण कमी होत नाहीत. ही भीती पुष्कळांना असते, ती काढून टाकावी. माझ्या सुनेने संगणकावर भाच्याचा अहवाल काढून दिला आणि आम्ही दोघे चष्मे लावून बसलो.

पहिली गोष्ट दिसली ती दुचाकीची. ते कर्ज त्याने २०२२ मध्येच पूर्ण फेडले होते. बेबाकी दाखला घरात फायलीत होता. अहवालात मात्र कर्ज अजून चालू आणि हप्ते थकलेले. कर्ज देणाऱ्याने शेवटची नोंद कळवलीच नव्हती. आम्ही दाखल्याची प्रत जोडून तक्रार केली. २६ एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे, की अशी तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. आमची दुरुस्ती तिसऱ्या आठवड्यात झाली. थकलेल्या पाच हप्त्यांचा जुना डाग राहिला, तो खराच होता. पण 'अजून थकीत' हा खोटा शेरा गेला.

दुसरी गोष्ट क्रेडिट कार्डाची. तिथे शेरा होता 'सेटल्ड'. आपल्याला वाटते मिटले म्हणजे बरे झाले. कर्ज देणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ, याने पूर्ण पैसे दिले नाहीत आणि आम्ही १८ हजारांवर पाणी सोडले. असा शेरा पुढच्या प्रत्येक बँकेच्या डोळ्यांत खुपतो. भाच्याने त्या कंपनीला लिहून उरलेले १८ हजार भरायची तयारी दाखवली, आधी तसे लेखी पत्र घेतले, मग पैसे भरले आणि खाते पूर्ण बंद झाल्याचा दाखला घेतला. महिना-दीड महिन्यात शेरा बदलला. जे पैसे त्याने वाचवले असे त्याला तीन वर्षे वाटत होते, ते शेवटी द्यावेच लागले. तडजोडीचा फोन येतो तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अगदीच इलाज नसेल तर तडजोड करावी, पण ती सवलत नसून पुढे ढकललेली अडचण आहे, हे समजून करावी.

याच सुमारास बाजारात एक गृहस्थ भाच्याला भेटले. पंधरा हजारांत सिबिल साडेसातशे करून देतो म्हणाले. अशी माणसे आता गावोगावी आहेत. खरी नोंद पैसे घेऊन कुणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. मग पंधरा हजार कशाचे?

गुरुजींची सही

आमच्या साताऱ्यातल्या शेजाऱ्यांची कथा याहून वेगळी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. आयुष्यात कुणाचे एक रुपया बुडवले नाहीत. निवृत्तीनंतर काशी-रामेश्वर न करता त्यांना नातवंडांना गाडीतून महाबळेश्वर दाखवायचे होते. बँकेत गेले, तर नकार. अहवाल काढला, तेव्हा त्यात एका ट्रॅक्टरचे कर्ज निघाले. गुरुजी म्हणाले, "अहो, माझ्याकडे साधी सायकल आहे!"

आठवत आठवत उलगडा झाला. गावाकडच्या एका सोबत्याच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. 'नुसती सही तर करायची आहे' असे म्हणून. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८व्या कलमाने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी त्याच्याकडे जावे आणि मग तुमच्याकडे यावे, असा क्रम मागण्याचा हक्क सहसा नसतो. आणि आता ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही दिसते. आपल्याकडे भावकी, सोयरीक आणि सोबत यांपायी कितीतरी भली माणसे अशी सही करून बसली आहेत. जामीन राहू नका असे मी म्हणणार नाही. कुणीच कुणाला जामीन राहिले नसते तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली निम्मी दुकाने आणि बागा उभ्याच राहिल्या नसत्या. पण सही करताना ते कर्ज आपणच घेतो आहोत असे समजावे, आणि वर्षातून एकदा हप्ते चालू आहेत ना, हे विचारावे. विचारायचा संकोच वाटत असेल, तर सही करायचाही वाटायला हवा.

आणखी एक गंमत. पतसंस्थेतून वीस वर्षे कर्ज घेऊन वेळेवर फेडणारी माणसे आपल्याकडे हजारोंनी आहेत. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे तिथली चोख फेड बहुधा या अहवालात उमटत नाही. अशा माणसाची पाटी कोरी दिसते. कोरी पाटी म्हणजे खराब पाटी नव्हे. केवळ पूर्वी कर्ज घेतलेले नाही म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना बजावले आहे. किमान इतके गुण हवेत, अशी अटही रिझर्व्ह बँकेची नाही. ती ज्या त्या बँकेची आपली रीत. म्हणून एका बँकेने नाही म्हटले म्हणजे दारे बंद झाली असे नाही. मात्र पाच ठिकाणी एकदम अर्ज टाकण्याऐवजी, जिथे आपले खाते जुने आहे तिथल्या अधिकाऱ्याशी आधी बोलावे आणि मगच अर्ज भरावा.

हप्ता आधी, गाडी नंतर

भाच्याला मी शेवटी एकच सांगितले. "गाडी आजच घेतली तर हप्ता भरणारच होतास ना? मग गाडी आली असं समज आणि हप्ता आजपासून भर. फक्त स्वतःच्या खात्यात."

त्याने दर महिन्याला १२ हजार रुपये रिकरिंगमध्ये टाकायला सुरुवात केली. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. शिवाय बँकेत एक छोटी मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर कार्ड घेतले. मर्यादेच्या पाव हिश्शापर्यंतच वापरायचे आणि तारखेच्या आत पूर्ण भरायचे, असा दंडक. नवीन अर्ज कुठेही करायचा नाही. त्याची बायको शाळेत शिक्षिका, तिची पाटी स्वच्छ. ती सहकर्जदार झाली. तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि दुकानाच्या खात्याचे उतारे त्याने नीट लावून ठेवले. पुराचा पंचनामाही मी त्याला अर्जासोबत जोडायला सांगितला. आकड्याला पूर कळत नसला तरी अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळतो. तोही माणूसच असतो, फक्त त्याला फायलीत लावायला कागद लागतो.

जून २०२५ मध्ये त्याचे गुण झाले होते ७०४. साडेसातशे नाहीत. दर दहा टक्के पडला, चांगल्या गुणवाल्याहून थोडा जास्तच. पण सहा लाखांऐवजी कर्ज लागले ४ लाख ५६ हजार, आणि हप्ता बसला ९ हजार ६८९. पाच वर्षांचे व्याज १ लाख २५ हजार ३४०. फायनान्सवाल्याकडे ते २ लाख ४० हजार होते. फरक काढा. सव्वा लाखाला थोडा कमी. आरसी बुकावर बँकेचा बोजा चढला. कर्ज फिटले की बँकेकडून दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन आरटीओत तो बोजा उतरवून घ्यायचा, हे मी त्याला आत्ताच सांगून ठेवले आहे. पुष्कळ जण हप्ते फेडतात आणि बोजा उतरवायचे विसरतात. मग दहा वर्षांनी गाडी विकताना धावाधाव होते.

वर्षभर थांबणे सोपे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्या पावसाळ्यात माझी बहीण रिक्षाने आणि शेजाऱ्यांच्या गाडीनेच मिरजेला गेली. कधी कधी परत येताना तिला उलटी व्हायची. दोनदा भाच्याने मला रात्री फोन केला, "मामा, घेऊन टाकू का त्या फायनान्सवाल्याकडून?" मी काय बोलणार? मी एवढेच म्हणालो, "आईला विचार." ती म्हणाली, "एवढी वर्षं थांबले, आता वर्षभरानं काय होतंय." प्रत्येकाला असे थांबता येत नाही. ज्याला थांबताच येत नाही, त्याने निदान नवीऐवजी जुनी गाडी, कमी रक्कम आणि कमी मुदत एवढे तरी बघावे, आणि महाग कर्ज घेतलेच तर ते चोख फेडून दोन वर्षांनी दुसऱ्या बँकेत स्वस्तात हलवता येते का, हे विचारून ठेवावे.

दरबारात अत्तराचा एक थेंब सांडला, तो मोठ्या माणसाने बोटाने टिपला, लोक हसले, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी हौद भरून अत्तर वाटले, तरी गेलेली अब्रू परतली नाही, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बुंद से गई वो हौद से नहीं आती. अब्रूचे तसे असेलही. पण पतीचे तसे नाही, असे मला आता वाटते. हौदाने ती येत नाही, हे खरेच. एका दिवसात लाख रुपये भरूनही ती येत नाही. थेंबाने गेलेली पत थेंबानेच परत येते, दर महिन्याच्या पाच तारखेला एक थेंब. या अहवालात जुनी नोंद किमान सात वर्षे जपली जाते, म्हणजे शनीच्या साडेसातीहून थोडी कमीच. आणि शनीला तक्रार अर्ज देता येत नाही, इथे देता येतो.

त्या शिंप्याला मी तो देऊ शकलो नाही. तो आज कुठे आहे, मला ठाऊक नाही.

गाडी आली त्या रविवारी मी सांगलीला गेलो होतो. भाच्याने नारळ फोडला, सुनेने हळदीकुंकू वाहिले. बहिणीला मागच्या सीटवर उशी लावून बसवले. तिने सीटवरून हात फिरवला, काच खालीवर करून बघितली, आणि मग पुढे वाकून लेकाला विचारले, "हप्ता कितीचा रे?"

"नऊ हजार सहाशे एकोणनव्वद."

"झेपेल?"

"वर्षभर बारा भरतोयच की, आई."

ती मागे टेकून बसली. म्हणाली, "मग चल."